अंगणातली वायरिंग खराब झाली तर: पावसाळ्याआधी दुरुस्ती कशी करून घ्यावी

गावच्या घराची जबाबदारी ज्यांच्या अंगावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ब्लॉकमध्ये वाढलेल्या माणसाला वायरिंग म्हणजे भिंतीतली बटणं, एवढीच ओळख असते. कोकणातल्या घरात मात्र निम्मी वायरिंग घराबाहेर असते: विहिरीवरच्या पंपाला गेलेली, गोठ्याला किंवा मांगराला गेलेली, मागच्या न्हाणीघराची, फाटकावरच्या दिव्याची. ती वर्षभर उन्हात तापते, चार महिने पावसात भिजते, घुशी आणि खारी तिला कुरतडतात, वरून माडाची झावळ पडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ. त्या दोन वादळांनंतर घाईघाईत मारलेले जोड अजूनही किती अंगणांत लोंबताना दिसतात!

दोन गोष्टी आधीच सांगतो. बाहेरच्या वायरीला जोड मारत बसू नका, दिव्यापासून पंपापर्यंत जो तुकडा खराब आहे तो अख्खा बदला. आणि ते काम स्वतःच्या हाताने करू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू आहेत तशाच बदलणं सोडलं, तर वायरिंगची दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला हवेत. मग तुमच्याकडे काय उरतं? बरंच उरतं. बिघाड शोधून ठेवणं, लाइन कुठून न्यायची ते ठरवणं, सामान बरोबर आणणं आणि काम नीट झालं का ते बघून घेणं. वायरमनला तुमच्या अंगणात कुठे पाणी तुंबतं आणि कुठे घुशीचं बीळ आहे हे माहीत नसतं. तुम्हाला असतं.

१. आधी ठरवा: वायर कोणाची?

पोलापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटर हे महावितरणचं काम. मीटरच्या पुढे जे काही आहे ते तुमचं. सर्व्हिस वायर लोंबत असेल, तिचं वरचं आवरण फाटलं असेल किंवा मीटरपाशी ठिणग्या दिसत असतील, तर १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवा. वीजबिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, तिथूनच बोलणं सुरू होतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

मीटरच्या सीलला हात लावू नका. ‘जरा उघडून बघतो’ म्हणणारा गावात कोणीतरी भेटतोच. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली मीटरमधली छेडछाड वीजचोरीत मोडते, आणि नंतर तुमचा हेतू कोणी विचारत नाही.

तार जमिनीवर पडलेली असेल तर जवळ जाऊन ती चालू आहे की बंद हे बघू नका. पोरं, गुरं, कुत्री लांब ठेवा आणि फोन करा. पोलावरून जाणाऱ्या तारांवर आलेली फांदीसुद्धा स्वतः तोडायची नाही.

२. बंद म्हणजे खरंच बंद

मेन स्विच पाडला की वीज गेली, असं सगळ्यांना वाटतं. गावच्या घरात आता ते पुरेसं नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो लगेच सुरू होतो आणि त्याला जोडलेल्या बाहेरच्या दिव्याच्या लाइनमध्ये परत वीज येते. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करा. जनरेटर असेल तर तोही. छपरावर सोलर असेल तर पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरी ऊन असेपर्यंत जिवंतच असतात, तुम्ही घरात काहीही बंद केलं तरी. त्या बाजूला जायचंच नाही.

पंपाच्या पेटीत कंडेन्सर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ चार्ज राहू शकतो, म्हणून पेटी उघडून आत बोट घालू नका.

जुन्या घरांत फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडणारा स्विच किंवा किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार बसवायचा) असतो. मागे कधीतरी कोणी फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) उलटे जोडले असतील तर फ्यूज काढला तरी वायरीत करंट राहतो. त्यामुळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल मेन स्विच पाडायचा आणि बोर्डावर चिठ्ठी लावायची: ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’. घरात चार माणसं असतील तर चिठ्ठीवर भरवसा नको, कोणालातरी तिथे बसवा.

लाइन मेली आहे याची खात्री वायरमनने मल्टिमीटरने करावी. आधी चालू प्लगवर मीटर २३० च्या आसपास दाखवतो का ते बघायचं, मगच बंद केलेल्या लाइनवर लावायचा. खिशातल्या टेस्टरचा दिवा भर उन्हात दिसतच नाही, आणि कधी लाइन बंद असतानाही मंद पेटतो.

कोणाला शॉक लागला तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. हे फक्त घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीबद्दल आहे. पोलावरची तार पडली असेल तर लांबच थांबून १९१२ लावा. माणूस शुद्धीवर नसेल, श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्या कोणालातरी १०८ लावायला सांगा.

३. बिघाड शोधा

कोरडा दिवस निवडा. मेन बंद करून मीटरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत लाइनबरोबर चालत जा आणि मोबाइलने फोटो काढत राहा. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

– वायरीचं आवरण पांढुरकं पडून त्याला बारीक चिरा गेल्या आहेत का? साध्या पीव्हीसी वायरीचं उन्हात असंच होतं.
– काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेले जोड किती आहेत? प्रत्येकाचा फोटो हवा.
– वायर कौलांच्या कडेला, पत्र्याच्या धारेला किंवा फाटकाच्या बिजागरीला घासते आहे का?
– बाहेरच्या बोर्डात मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, गंज, हिरवट पडलेलं तांबं दिसतं का?
– जमिनीतून जाणारी वायर नेमकी कुठून जाते, हे घरात कोणाला माहीत आहे का? नसेल तर जी जागा अलीकडे खणली गेली ती आधी बघा. माड लावताना, पाण्याची पाइप टाकताना बसलेला कुदळीचा घाव वर्षभराने डोकं वर काढतो.

आता बोर्डापाशी बसून करायची एक गोष्ट. घरात आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असेल आणि तो सारखा पडत असेल, तर सगळे एमसीबी (जादा लोड झाला की पडणारे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी वर घेत जा. ज्याच्यावर तो पडेल त्या लाइनमध्ये गळती आहे. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल तर गोंधळून जाऊ नका. बहुतेक घरांत एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल ओल्या मातीला किंवा अर्थला (जमिनीशी जोडलेल्या वायरीला) चिकटला असला तर असं होतं, आणि बाहेरच्या लाइनमध्ये हे फार वेळा दिसतं. वायरमनला हे आधीच सांगितलंत तर त्याचा बराच वेळ वाचेल.

शेवटचा निकाल मेगरचा, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या यंत्राचा. लाइनला जोडलेले दिवे, पंप, सगळं सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, फेज आणि न्यूट्रल यांच्यामधलं इन्शुलेशन मोजतात. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ती वायर संपली म्हणायची. चांगल्या केबलला तो कितीतरी वर येतो. ज्या वायरमनकडे मेगर नाही आणि ‘त्याची काय गरज’ म्हणतो, तो घरातला पंखा बसवायला ठीक आहे, या कामाला नाही.

४. लाइन कुठून न्यायची?

वायर का खराब झाली ते कळल्याशिवाय नवी टाकू नका. त्याच वाटेने टाकलेली नवी वायर त्याच कारणाने खराब होणार.

हवेतून नेत असाल तर खालून काय जातं त्याचा विचार करा. आंबे काढायची घळ बांबूला बांधलेली असते आणि तो बांबू सहज १५-२० फुटांचा असतो. ॲल्युमिनियमची शिडी, गवताचे भारे, घरावर चढवायचे पत्रे, सगळं अंगणातूनच जातं. शिवाय वायरीचा भार वायरीवर नको, ताणलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेवर ती बांधून न्यावी लागते. आणि त्या जीआय तारेवर किंवा तिच्या शेजारी कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधू नका. वायरीचं आवरण घासून करंट तारेत उतरतो, हातात ओला कपडा आणि पायाखाली ओली जमीन. कपड्यांना नायलॉनची दोरी.

माझं मत जमिनीखालून न्या असं आहे, खर्च जास्त झाला तरी. चर सुमारे अडीच फूट खोल, खाली वाळूचा थर, त्यावर आर्मर्ड (आत लोखंडी कवच असलेली) केबल, परत वाळू, वरून विटा किंवा फरश्या आडव्या लावायच्या आणि मग माती. विटा कशाला? पुढे कोणी खणलं तर कुदळ आधी विटेवर वाजते. जांभ्याच्या कातळावर अडीच फूट खणणं जमत नाही. तिथे चिऱ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने जीआय पाइपातून केबल न्या. पाइप अर्थला जोडलेला हवा.

५. सामान

विहीर लांब असेल तर वायरीची जाडी हा निव्वळ हिशोबाचा प्रश्न आहे. एक एचपीचा सिंगल फेज पंप चालताना साधारण ६ अँपिअर घेतो. विहीर ६० मीटरवर असेल तर वीज जाऊन येऊन १२० मीटर वायरीतून फिरते. अडीच एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीत त्या अंतरात ५ व्होल्टच्या आसपास पडतात, दीड एमएममध्ये ९ च्या जवळ. चालताना हे चालून जातं. पण सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते आणि घटही तितक्याच पटीने वाढते. उन्हाळ्यात गावाकडे व्होल्टेज आधीच कमी, मग मोटर नुसती घुं घुं करते आणि वाइंडिंग जळतं. लोक पंप बदलतात. वायर बदलायला हवी असते. अंतर याहून जास्त असेल तर सरळ चार एमएम घ्या.

यादी अशी:

– आर्मर्ड केबल, तीन कोरची (आत तीन वायरी असलेली), तांब्याची. दोन कोरची स्वस्त पडते, पण मग अर्थ वेगळा न्यावा लागतो आणि तो राहून जातो. केबलवर आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असावा. हे आर्मर लोखंडी असतं, घुशीला पुरून उरतं.
– केबल ग्लँड (पेटीत शिरताना केबल घट्ट धरणारा भाग), दोन्ही टोकांना. आर्मर अर्थला इथेच जोडला जातो.
– बाहेरची पेटी आणि स्विच, आयपी ६५ लिहिलेले. धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही असा त्याचा अर्थ. पाण्यात बुडालेलं चालतं असा नाही. वायर पेटीत नेहमी खालून आत घ्यायची, वरून घेतली की पाणी वायरीवरून ओघळत आत येतं.
– लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आणि क्रिम्पिंग (तो दाबून घट्ट बसवणं). जुनी वायर ॲल्युमिनियमची आणि नवी तांब्याची असेल तर दोन्ही एकत्र पिळू नका. ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, जोड तापतो. त्यासाठी बायमेटल लग मिळतो.
– डबल पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. याबद्दल पुढे.
– जोड टाळताच येत नसेल तर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारं) जोड किट. काळी टेप पाऊस अडवत नाही, उन्हात तिचा डिंक वितळून ती सुटते.

पंपाबरोबर मिळणारी चपटी सबमर्सिबल केबल उरली म्हणून ती अंगणातून नेणारे बरेच आहेत. ती विहिरीत, बोअरमध्ये उतरवायची वस्तू. उघड्यावर उन्हात आणि पायाखाली ती टिकत नाही.

६. वायरमन आणि कागदपत्रं

आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला, ज्याच्याकडे परवाना आहे आणि जो परवानाधारक ठेकेदाराच्या नावावर काम करतो, असा माणूस शोधा. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात विचारलं की पत्ता लागतो. मे महिना जवळ आला की सगळे अडकलेले असतात, कारण तेव्हाच चाकरमानी गावी येतात आणि सगळ्यांनाच पावसाआधी काम हवं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलून ठेवा.

हाताशी हे ठेवा:

– चालू महिन्याचं वीजबिल. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. नवा पंप टाकून तो ओलांडणार असाल तर आधी भार वाढवण्याचा अर्ज.
– ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, मुदत बघून.
– सामानाची पक्की बिलं.
– काम झाल्यावर ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट, ज्यात मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे असतील.

शेवटचा कागद मागितला की काही जण नाराज होतात. मागा.

७. अर्थिंग आणि आरसीसीबी: इथे घासाघीस नको

बाकी सगळीकडे थोडं इकडंतिकडं चालेल, इथे नाही. आणि नेमकं इथेच लोक पैसे वाचवतात.

एक हिशोब करून बघा. पंपाच्या आतल्या वाइंडिंगचं इन्शुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला. जांभ्याच्या जमिनीत, उन्हाळ्यात, तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असं धरा. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी आहे. तो पडणारच नाही! त्याच्या दृष्टीने ते साधं लोड आहे. पंपाची बॉडी जिवंत, एमसीबी वर, आणि कोणीतरी बादली घेऊन विहिरीवर आलेलं.

आरसीसीबी वेगळं काम करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तीन दशांशात, आणि गळती त्याच्या पाचपट असेल तर सेकंदाच्या चार शतांशात लाइन तोडतो. अर्थिंग थोडं कमजोर असलं तरी तो पडतो. मात्र ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट त्याला कळत नाहीत, म्हणून एमसीबीही हवाच. दोन्ही एकात हवे असतील तर आरसीबीओ मिळतो.

दुकानात नीट बघून घ्या. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात, दिसायला सारखेच. ते माणसाच्या रक्षणासाठी नाहीत. बाहेरच्या लाइनसाठी आरसीसीबी वेगळा घेतलात तर पावसात बाहेर गळती झाली तरी घरातला फ्रिज चालू राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण अख्ख्या घराची लाइट जायला लागली की आठवड्याभरात कोणीतरी आरसीसीबी बायपास करतं. पडणारा आरसीसीबी खराब आहे असं आधी धरू नका, वायर तपासा.

अर्थिंगच्या खड्ड्यात रॉड किंवा पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल पावडर. घरासाठी ५ ओहमच्या आत आकडा आला तर उत्तम. कातळात एका खड्ड्यात तो येत नाही, तेव्हा थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडतात. न्हाणीघराचं सांडपाणी जिथे मुरतं ती जागा यासाठी चांगली. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत जा.

एक सवय जिवावर बेतणारी आहे: अर्थिंग नाही म्हणून प्लगमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून टाकणं. मीटरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की पंपाच्या, गिझरच्या, फ्रिजच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. बाहेरचा प्रत्येक प्लग आणि पंपाची पेटी उघडून हे नाही ना, हे वायरमनकडून दाखवून घ्या.

लोखंडी फाटकाच्या खांबावर दिवा असेल तर खांब अर्थला जोडलेला असायलाच हवा. न्हाणीघराबाहेरचा स्विच ओल्या हाताने पोचणार नाही इतका लांब.

८. कामाच्या दिवशी

तिथे थांबा. केबल चरात ठेवल्यावर आणि माती लोटायच्या आधी मेगर पुन्हा लावायला सांगा. गाडीतून आणताना, ओढताना खरचटलेली केबल आत्ताच कळते. चराचे फोटो काढा, शेजारी टेप धरून आणि मागे घराचा कोपरा किंवा एखादा माड येईल असे.

रंग बघा: फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. हिरवी संपली म्हणून दुसऱ्या रंगाची वायर अर्थला वापरू देऊ नका. पुढचा वायरमन रंगावर विश्वास ठेवून हात घालणार आहे.

९. लाइन चालू करताना

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा. तो पडायला हवा. हे बटण आरसीसीबी ठीक आहे एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही, म्हणून अर्थिंग वेगळं मोजून घ्यायचं. बटण दर महिन्याला दाबत जा, खाऱ्या हवेत आतले भाग अडकतात. पंप चालू असताना पंपापाशीच व्होल्टेज मोजून टेस्ट रिपोर्टवर लिहून ठेवायला सांगा, पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडतं.

पहिला जोरदार पाऊस पडून गेला की मेन बंद करून बाहेरच्या पेट्या उघडून बघा. आत थेंब दिसले तर ग्लँड सैल आहे किंवा रबर नीट बसलेलं नाही. गणपतीत आणि दिवाळीत अंगणात जादा लाइटिंग लागणार असेल तर ते याच आरसीसीबीखालच्या प्लगवरून घ्या, खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेंशन बोर्डावरून नको. आणि केबल कुठून गेली त्याचा साधा नकाशा काढून, फोटोंसह, बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा.